माळ्यावरून ती तसबीर आधी खाली काढ

"ताई, मी नगरची. लग्नानंतर अकरा वर्षांपूर्वी विश्वासात आले, बाप्तिस्मा घेतला. अण्णा पंढरीचे वारकरी, वय ७९. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून माझ्याकडे पुण्याला आणलंय. मी रोज वचन वाचून दाखवते, पण त्यांचं मन कठोर झालंय. माझ्याकडे पाठ करून दिवसभर भिंतीकडे बघत पडतात. गावाहून आणलेली विठ्ठलाची तसबीर भावाने लावून दिली होती. खोली आवरताना मी ती माळ्यावर टाकली, तेव्हाही काही बोलले नाहीत. पाळक म्हणतात, वेळ थोडा आहे, नुसतं बोट वर करून होकार दिला तरी पुरे. औषधाच्या गुंगीत घेतलेला होकार देव धरेल का? प्रेषितांची कृत्ये १६:३१ मध्ये घराण्याच्या तारणाचं वचन आहे ना? अण्णा स्वर्गात नसतील तर मला तरी तिथे काय करायचंय?"

बाळ, तुझ्या मूळ पत्रात नरक हा शब्द सात वेळा आलाय. तसबीर एकदाच, आणि तीही झाडलोट करता करता.

मला एवढंच सांग, अण्णा ज्या भिंतीकडे तोंड करून पडतात ती कोणती? तसबीर होती तीच ना? खिळा अजून असेल तिथे. तू त्याला मन कठोर होणं म्हणतेस. मला तर वाटतं, म्हातारा रिकामा खिळा बघत पडलाय. बोलला नाही, कारण लेकीच्या घरी आहे. त्या पिढीचा बाप लेकीकडे तांब्याभर पाणी मागतानाही दोनदा विचार करतो, तो विठोबा कुठून परत मागणार?

आता तुझं ते वचन. मीही नगरच्याच मंडळीत वाढले, ते मलाही पाठ आहे. पण त्याच्या मागचं-पुढचं वाच की. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा नायक स्वतःचा जीव द्यायला निघाला. तिथेच कैदेत असलेल्या प्रेषित पौलाने आधी ओरडून त्याचा हात थांबवला. मग त्या माणसाने आपणहून विचारलं, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? त्याने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं. आणि त्याच रात्री त्याने पौल आणि त्याचा सोबती सीला यांच्या पाठीवरचे वळ धुतले, घरी नेऊन जेवू घातलं. अण्णांनी तुला काही विचारलंय? एकदा तरी?

येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचंही तेच. बाप्तिस्मा नाही, उपासना नाही, हातात तासाभराचं आयुष्य, आणि तरी येशू त्याला म्हणाला, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील". पण तोही स्वतः बोलला. शेजारी उभं राहून त्याचं बोट कुणी वर केलं नव्हतं.

गुंगीतल्या होकाराबद्दल विचारतेस, म्हणून जरा चिडूनच सांगते. गुंगीत असताना अण्णांनी गावचं घर भावाच्या नावावर केलं असतं, तर तू कोर्टात गेली असतीस. तारण हा शब्द बँकेतही चालतो, पण हे ते तारण नव्हे, की सही-अंगठा झाला आणि काम झालं. कृपेने होतं, ते देवाचं दान आहे, तुमच्या हातून झालेलं नाही, असं इफिसकरांच्या पत्रात लिहिलंय. दानच असेल तर ते झोपलेल्या माणसाच्या बोटातून ओरबाडून कसं घेतेस?

ख्रिस्ताचं नाव न घेता गेलेल्यांचं पुढे काय, यावर ख्रिस्ती लोकांचंच एकमत नाही. तुमचे पाळक योहान १४:६ दाखवतील, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही, असं येशू म्हणतो ते. रोमच्या, म्हणजे कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, लिहून ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. तुला ते पटणार नाही, तर नको पटू दे. तो वाद अण्णांच्या उशाशी मिटणार नाही.

पण आपल्या नगरचं एक ऐक. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षं बायको हिंदूच. नगरला एकत्र राहायला आल्यावरही त्यांचं सोवळंओवळं चालूच होतं, आणि ते त्या घरात चाललं. स्वतः टिळक म्हणत, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तू तो पूलच उचलून माळ्यावर टाकलास गं!

तुझी भीती मला कळते. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. ते वाक्य प्रार्थनेत देवाला म्हण, अगदी भांडून म्हण. अण्णांना ऐकवू नकोस. त्यांच्या छातीवर आधीच पुरेसं ओझं आहे.

तेव्हा हे वाचून झालं की स्टूल घे आणि माळ्यावरून तसबीर काढ. पाळकांना विचारायला थांबू नकोस. त्याच भिंतीवर, त्याच खिळ्यावर लाव, अण्णांना पडल्या पडल्या दिसेल अशी. मग त्यांच्याजवळ बस. पवित्र शास्त्र उघडू नकोस. ते "वाच" म्हणाले, तर मात्र वाच.

लावण्याआधी काच पुसून घे. माळ्यावर धूळ फार बसते.