नाशिकच्या सिंहस्थात एआय कॅमेरे लावल्याने चेंगराचेंगरी टळेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशकात एआयवाले कॅमेरे, ड्रोन, मोठी कंट्रोल रूम असं सगळं येणार अशा बातम्या आहेत, तर त्याने चेंगराचेंगरी टळेल का? आणि आई-वडिलांना पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, न्यावं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो : पर्वणीच्या दिवशी नका नेऊ. पहिल्याचं जरा लांबणार आहे, कारण माझं पोटच कॅमेऱ्यांवर चालतं.

मी पंचवटीत राहतो, सीसीटीव्ही बसवायचं काम करतो. सराफ बाजारातली दुकानं, पिंपळगावकडची कोल्ड स्टोरेजं, गंगापूर रोडच्या सोसायट्या. गिऱ्हाईक मेगापिक्सेल विचारतं, रात्री दिसेल का विचारतं, मोबाइलवर येईल का विचारतं. 'बघणार कोण?' हे कुणी विचारत नाही. मॉनिटर गल्ल्याच्या मागे लागतो, आठवडाभर शेठ कौतुकाने बघतात, मग त्यावर मॅच लागते. फुटेज उघडायची वेळ येते ती चोरी झाल्यावर, आणि तेव्हा पासवर्ड विचारायला फोन मलाच येतो.

एआय आलं म्हणजे बघायचं काम यंत्राकडे गेलं. चांगलंच आहे, माणूस दहा मिनिटांत कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. पण पावसाळ्यात काय होतं सांगतो. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांच्या मागे कोळी येतो, भिंगासमोरच जाळं विणतो. वाऱ्याने जाळं हललं की रात्री दोनला मोबाइलवर 'हालचाल दिसली'. दोन-चार रात्री झोपमोड झाली की मालक अलर्ट बंद करून टाकतो. नवे कॅमेरे माणूस आणि जाळं यातला फरक बऱ्यापैकी ओळखतात, मान्य. तरी खोट्या अलर्टला वैतागून खरा अलर्ट दाबला जाणं ही माझ्या धंद्यातली रोजची गोष्ट आहे, आणि कंट्रोल रूममध्येही शेवटी माणसंच बसतात.

आता गर्दीबद्दल. 'लोक सैरावैरा पळाले आणि चेंगरले' असं बातम्यांत येतं. बहुतेक वेळा उलटं असतं : पळायला जागाच नसते. एक चौरस मीटर म्हणजे दोन बाय दोन फुटांच्या साधारण तीन फरशा. तेवढ्यात चार माणसं असली तर अडचण होते, पण चालता येतं. सहा-सातच्या पुढे गेलं की हात वर काढता येत नाही, आपण कुठे जायचं हे आपल्या पायांच्या हातात राहत नाही. छाती दोन्हीकडून दाबली जाते, श्वास आत घेता येत नाही, आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. मागच्याला पुढचं काहीच कळत नाही, म्हणून तो रेटतच राहतो. पळापळ झालीच तर ती त्यानंतर.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये फ्रान्सच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. स्पेनमधल्या पाम्प्लोना गावात सान फेर्मिन उत्सवाच्या उद्घाटनाला एका चौकात हजारो लोक कोंबून उभे असतात. या संशोधकांनी वरून चित्रीकरण करून काही वर्षांचं मोजमाप केलं. घनता एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसांचे गठ्ठे, कुणी मुद्दाम ढकलत नसताना, आपोआप गोल गोल डोलायला लागतात. त्या चौकात एका फेरीला १८ सेकंद लागत होते. जर्मनीत डुइसबुर्गला २०१० मध्ये लव्ह परेड या संगीत महोत्सवातल्या दुर्घटनेत २१ जण गेले, त्या चित्रफितीतही त्यांना तसंच डोलणं सापडलं. म्हणजे धोका येण्याआधी गर्दी हलून सांगते, आणि उभ्या माणसाला जे कळत नाही ते वरच्या कॅमेऱ्याला दिसू शकतं. एआय कॅमेऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर माझ्या मते हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. आपल्या बातम्यांत तो सापडत नाही, 'चेहरे ओळखणार' एवढंच सापडतं. हरवलेली आजी शोधायला चेहरा ओळखणं कामाला येईल, चेंगराचेंगरी थांबवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि मेळा संपल्यावर त्या चेहऱ्यांचं काय करणार, हे कुणीतरी विचारायला हवं.

मग कॅमेऱ्याने वेळेत सांगितलं तर टळेल का? प्रयागराजला २०२५ च्या कुंभात एआय कॅमेरे होतेच. २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटेपूर्वी संगमापाशी चेंगराचेंगरी झाली, सरकारने त्या दिवशी ३० मृत्यू सांगितले. काठाशी लोक झोपलेले, मागून लोंढा आला, बॅरिकेड तुटलं. तेवढ्या घट्ट गर्दीत कॅमेऱ्याने धोका दाखवला तरी करायचं काय? पोलिस आत शिरू शकत नाही, ॲम्ब्युलन्स शिरू शकत नाही. जे करायचं ते तासभर आधी आणि चार किलोमीटर मागे करायचं असतं : येणारा लोंढा तिथे थांबवायचा. पुढे १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली स्टेशनवर १८ जण गेले. दोन 'प्रयागराज' गाड्यांच्या घोषणांमुळे गोंधळ उडाला असं आधी छापून आलं, नंतर रेल्वेने संसदेत सांगितलं की एका प्रवाशाच्या डोक्यावरचं ओझं जिन्यात पडलं. दोन्हींतलं काहीही धरा. गाठोडं रोज पडतं, घोषणा रोज चुकते. जिना आधीच गच्च भरलेला होता म्हणून माणसं गेली.

आमच्या नाशकाला हे नवीन नाही. २७ ऑगस्ट २००३, सरदार चौक. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे, म्हणजे स्नानाच्या घाटाकडे, उतरताना जो अरुंद, उताराचा पट्टा लागतो तो. शाही मिरवणुकीसाठी लोक बॅरिकेडमागे अडवून ठेवले होते, नाणी उधळली गेली आणि झुंबड उडाली असं तेव्हा छापून आलं. तीसहून जास्त माणसं गेली. रविवारी सकाळी या बोळांतून चालून बघा : एका बाजूला पूजेच्या सामानाचे स्टॉल, दुसऱ्या बाजूला लावलेल्या ॲक्टिव्हा, मध्ये रिक्षा, आणि रिक्षेच्या पुढे गाय. साध्या रविवारी ही तऱ्हा. प्रयागला नदीचं अफाट वाळवंट आहे, तिथे गर्दी पसरवता येते. इथे गोदाघाट जुन्या पेठेच्या पोटात आहे.

साधा हिशोब करू. सपाट रस्त्यावर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला फार तर ऐंशीएक माणसं पुढे सरकतात. स्टेडियमच्या वाटा आखताना हाच अंदाज धरतात. पाच मीटरची गल्ली घ्या : मिनिटाला ४००, तासाला २४,०००. तेही कुणी फुलं घ्यायला थांबलं नाही, सेल्फी काढला नाही, पोराला शू लागली नाही तर. दहा तासांत २ लाख ४० हजार. आता 'पर्वणीला एक कोटी भाविक' असं कुणी भाषणात म्हणालं की हा भागाकार करून बघा. कोटीचा आकडा जाहिरातीला बरा असतो. सुरक्षेला लागणारा आकडा लहान असतो : या क्षणी, या वळणावर, तीन फरशांत किती जण? तो कुणी सांगत नाही, कारण त्याचा फ्लेक्स लावता येत नाही.

तो लहान आकडा मोजायचा प्रयत्न नाशकातच झाला होता. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने गेल्या सिंहस्थाच्या आधी 'कुंभथॉन' हा कुंभातल्या अडचणींवर तंत्रज्ञानातून उपाय शोधणारा उपक्रम सुरू झाला. त्यात इथल्याच एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी दाब ओळखणारी चटई बनवली. पाय पडला की मोजणी होते, किती जण गेले ते लगेच समजतं. २०१५ च्या मेळ्यात ती वापरली गेली. ना चेहरा, ना फोटो, पावसात भिंग धूसर व्हायची भानगड नाही. मला धंद्याच्या विरुद्ध बोलावं लागतंय, पण अरुंद गल्लीच्या तोंडाशी असं काहीतरी टाकणं हे खांबावरच्या महागड्या कॅमेऱ्याइतकंच, कधी त्याहून जास्त कामाचं आहे.

२०१५ चीच दुसरी गोष्ट लोक विसरलेत. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला पोलिसांनी शहर जवळजवळ कुलूपबंद केलं होतं. जागोजाग बॅरिकेड, बाहेरगावच्या गाड्या पार लांब थांबवलेल्या, भाविक कित्येक किलोमीटर चालताहेत, आणि आतले रस्ते रिकामे. काय शिव्या पडल्या! व्यापारी चिडले, भाविक चिडले, पेपरांनी धारेवर धरलं. आमच्या गल्लीतले लोक तर 'स्वतःच्या घरी जायला पास लागतो' म्हणून महिनाभर बोलत होते. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला आणि गर्दी लोटली. पण त्या साली नाशकात २००३ घडलं नाही. बंदोबस्त अति झाला होता हे खरंच, म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले. तरीही मला यात एक खोच दिसते : लोंढा लांब अडवणारा अधिकारी शिव्याच खातो, कारण न झालेली चेंगराचेंगरी कुणाला दिसत नाही. उद्या स्क्रीनवर लाल दिवा लागला आणि समोर आखाड्यांची मिरवणूक, दोन मंत्री आणि वाहिन्यांचे कॅमेरे असले, तर 'थांबवा' म्हणायचा अधिकार नेमका कुणाला? कुंभमेळा प्राधिकरण झालंय, कायदा झालाय. हे एक नाव आणि एक खुर्ची आधी ठरवून जाहीर केली तर मी कॅमेऱ्यांवर जास्त विश्वास ठेवेन.

दुसरी मागणी : तो आकडा कंट्रोल रूममध्ये कोंडू नका. आमच्याकडे गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला म्हणजे बघायला जा, कमरेला म्हणजे टपऱ्या हलवा, छातीला म्हणजे सराफ बाजार, भांडी बाजारात माल वरच्या फळीवर. मी स्वतः तिथल्या दुकानांत डीव्हीआर (फुटेज साठवणारा डबा) छताला टेकवून लावतो. कुणाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. तसाच रामकुंडाच्या गर्दीचा हिरवा-पिवळा-लाल फलक द्वारका चौक, निमाणी बसस्थानक आणि नाशिक रोड स्टेशनबाहेर लावला, एसटीत कंडक्टरला कळवला, तर निम्मे लोक चहा घेत तिथेच थांबतील. माणसं मूर्ख नसतात, त्यांना पुढे काय आहे ते सांगितलेलं नसतं.

आणि पाऊस. प्रयागचा मेळा थंडीतला, आपला भर पावसाळ्यातला. वरून ड्रोनला दिसणार काय, तर छत्र्या आणि डोक्यावर घेतलेले प्लास्टिकचे कागद. डोकी मोजायला शिकवलेल्या यंत्राला छत्र्या मोजायला शिकवावं लागेल. जोराच्या वाऱ्यापावसात ड्रोन उडतच नाहीत. तिकडची यंत्रणा जशीच्या तशी आणून खांबावर चढवली तर पहिल्या सरीला पंचाईत.

आता ज्याबद्दल मला अजून कुठे फारसं वाचायला मिळालेलं नाही ते. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, सोमवती अमावास्या. त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्त, सौदीकडे खग्रास, आणि आपल्या पश्चिम भारतात दुपारनंतर खंडग्रास. ढगांमुळे दिसो न दिसो, पंचांगात छापलेलं असणार. म्हणजे पहाटेच्या पर्वणीची गर्दी ओसरायच्या आत वेध पाळणारे, ग्रहण सुटल्यावर बुडी मारायची म्हणून थांबलेले लोक काठावरच असतील. सकाळी एक उसळी आणि संध्याकाळी दुसरी, बाहेर जाणारे आणि आत येणारे समोरासमोर, आणि सगळे ओले. हे सांगायला एआय लागत नाही. नियोजनवाल्यांनी हे धरलेलं असावं अशी आशा करतो. तुम्ही मात्र धरा.

म्हणून आई-वडिलांचं. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकेश्वरची १२ सप्टेंबर, या तारखा आणि त्यांच्या आगेमागचे दोन-दोन दिवस सोडा. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि ध्वज उतरणार थेट २०२८ च्या जुलैत. एवढ्या काळात कुठल्याही साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी या, गोदावरी तीच आहे. दोघं हट्टालाच पेटले आणि पर्वणीलाच यायचं ठरलं, तर त्यांच्या खिशात तुमचा नंबर कागदावर लिहून ठेवा, गर्दीत नेटवर्क जातं. भेटायची जागा घाटापासून लांब ठरवा. खांदे दोन्ही बाजूंनी घासायला लागले की 'अजून थोडं पुढे' करू नका, तिथूनच तिरपे बाहेर पडा. अडकलाच तर हात छातीसमोर दुमडून श्वासापुरती जागा धरा, रेट्याच्या उलट जोर लावू नका, चप्पल पडली तर पडू द्या. आणि रामकुंडाच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात, वडिलांना पाण्यात उतरवू नका, काठावर बसवून तांब्याने अंघोळ घाला.