‘राज्यक्षेत्रीय’ पाणी कोणाचे, आणि समुद्राची ‘वेळ’

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या एका ताईंनी विचारले आहे: “मुलगी कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या मराठी पुस्तकात ‘राज्यक्षेत्रीय जलधी’ असा शब्द आला. म्हणजे गुजरात राज्याच्या मालकीचे पाणी का? आणि ते जिथे संपते तिथे हद्द म्हणावे, सीमा म्हणावे की मर्यादा?”

नाही ताई, गुजरातच्या मालकीचे नव्हे. ‘राज्यक्षेत्र’ हा अखंड पारिभाषिक शब्द आहे; देशाचा मुलूख, एवढाच त्याचा अर्थ. भारताचे राज्यक्षेत्र म्हटले की सगळा भारत आला. त्यातले ‘राज्य’ म्हणजे सत्ता, अंमल. गांधीनगरच्या सरकारशी त्याचा संबंध नाही. ही चुकीची फोड मी वडोदऱ्यात इतक्यांदा ऐकली आहे की आता राग येतो, कारण ती करणारे बहुतेक शिकलेले असतात. आधी शब्द मोडायचा आणि मग त्या तुकड्यावर कायदा रचायचा, ही फार वाईट खोड आहे.

कायदा काय म्हणतो? राज्यक्षेत्रीय जलधी म्हणजे किनाऱ्यालगतचा देशाच्या समुद्राचा पट्टा. संविधानाच्या 297 व्या अनुच्छेदाप्रमाणे त्या पट्ट्यातल्या पाण्याखालची जमीन आणि खनिजे संघराज्याची, म्हणजे केंद्राची. पट्टा 1956 साली सहा सागरी मैल होता, 1967 मध्ये बारा झाला, 1976 च्या कायद्याने तोच पक्का केला. सागरी मैल 1852 मीटरचा असतो, म्हणजे बारा मैलांचे 22 किलोमीटर आणि थोडे वर. (रस्त्यावरच्या मैलाने गुणून एकोणीस सांगणारेही भेटतात.) मासेमारीचा कारभार मात्र राज्याकडे: मत्स्यव्यवसाय संविधानाच्या राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या विषयांच्या यादीत, 21 व्या नोंदीला आहे, केंद्राच्या यादीतल्या म्हणजे संघसूचीच्या 57 व्या नोंदीत फक्त या पट्ट्यापलीकडची मासेमारी येते. एकाच पाण्यात पापलेटाचा परवाना गांधीनगरचा आणि तळाखालचे तेल दिल्लीचे. अमेरिकेत हे वेगळे आहे. तिथे 1953 च्या कायद्याने तीन सागरी मैलांपर्यंतचा तळसुद्धा राज्यांना देऊन टाकला, टेक्सासला तर नऊ मैल. इंग्रजी पुस्तकातून आलेली माणसे तो हिशेब आपल्याकडे लावतात आणि गोंधळ वाढवतात.

हद्द की सीमा, हे चटकन सांगतो. सीमा ही रेघ, हद्द हा अंमल. पोलीस ठाण्याला हद्द असते. गावाला शीव असते. ती सीमेचीच लेक, मुंबईतले शीव तेच. म्हणून मासेमारीपुरते ‘राज्याची सागरी हद्द’ खुशाल म्हणा. ‘राज्याचा समुद्र’ म्हणू नका.

पण हे बारा मैल मोजायचे कुठून? खरी मौज इथे आहे. साधा नियम असा की ओहोटीला पाणी जिथवर मागे जाते, त्या रेषेपासून. म्हणजे कायद्याने देशाच्या समुद्राचा आरंभ एका ठरावीक वेळेला बांधला. आणि आपल्या भाषेत हे आधीपासून होते! संस्कृत ‘वेला’ या शब्दाला अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश एका ओळीत तीन अर्थ देतो: समुद्राच्या पाण्यातला बदल म्हणजे भरती-ओहोटी, काळ, आणि मर्यादा. तिन्ही एकत्र. आपली रोजची ‘वेळ’ इथून आली. घड्याळ नव्हते तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला ‘किती वाजले’ आणि ‘पाणी कुठवर आले’ हे प्रश्न वेगळे नव्हते.

आमच्या दांडिया बाजारातले एक निवृत्त प्राध्यापक हे मानत नाहीत. काळाची वेळ निराळी, किनाऱ्याची निराळी, उच्चार योगायोगाने एक झाला, असे त्यांनी व्याख्यानात ठासून सांगितले, आणि किनाऱ्याची वेळ ‘वेळू’पासून काढली. गुजराती वेळू म्हणजे वाळू, ती वालुकेपासून आली. वेलेशी तिचे काही नाते नाही. जे अमरकोशाने एका जागी ठेवले ते तोडायचे असेल तर पुरावा द्यावा लागतो, आवाज चढवून भागत नाही. गोव्यात आजही लोक ‘वेळेर’ फिरायला जातात, म्हणजे किनाऱ्यावर. हा शब्द जिवंत आहे, शेजारी आहे.

माझे तर पुढचेही म्हणणे आहे. मराठीत ‘वेळ गेला’ हा पुल्लिंगी, तो लांबी दाखवतो. ‘वेळ आली’ ही स्त्रीलिंगी, ती एक काठ दाखवते. कातरवेळ म्हणजे दिवस आणि रात्र यांचा किनाराच. लग्नाची वेळ टळली म्हणतो तेव्हा एक रेषा ओलांडलेली असते. स्त्रीलिंगी ‘वेळे’ने समुद्राची जुनी मर्यादा जपली, असे मी मानतो आणि मानत राहणार. मंडणगडचे वेळास, गुहागरचे वेळणेश्वर यांतही मला तीच दिसते. आणि इकडे गुजरातेत वेरावळ! जुन्या संस्कृत लेखांत बंदराला ‘वेलाकूल’ म्हणत. त्यावरून वेरावळ झाले. कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाच्या पृथ्वीला वेलेचा तट आणि समुद्राचा खंदक दिला आहे. राजाचा अंमल कुठवर, या प्रश्नाचे उत्तर रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात ‘वेला’ या शब्दाने दिलेले असताना परिभाषा घडवणाऱ्यांना ‘राज्यक्षेत्रीय’ हाच शब्द का सुचावा? ‘वेलाजल’ म्हटले असते तर ‘कोणत्या राज्याचे’ ही शंका निघालीच नसती. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कारभारातले शब्द अनेक भाषांतून गोळा करवून कोश छापवला, ज्या संस्थानाचे ओख्याला स्वतःचे बंदर होते, तिथल्या मराठी माणसाने तरी हा शब्द लावून धरावा.

ज्यांना वेला डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला जावे, इथून दीड-दोन तासांवर. स्तंभेश्वर महादेव. मी गेलो तेव्हा पिंडीवर ताजी बेलपाने होती आणि पायऱ्यांवर ओला, राखाडी चिखल. आखाताचे पाणी गढूळ. ते आवाज न करता सरकत आले, आधी पायरीच्या कडेला फेसाची बारीक दोरी, मग पाने हलली, मग पाने तरंगली, मग पिंड दिसेना. माणसे मागे हटत होती आणि कोणीतरी गुजरातीत ओरडत होते, चला, वेळ झाली. दिवसातून दोनदा देव बुडतो आणि पुन्हा वर येतो. खंभातच्या आखातात मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरच्या वर चढते, म्हणून इथे भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांत केवढे तरी अंतर पडते. आता गंमत पाहा: किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, ज्यांना लोक सीआरझेड म्हणतात, ते भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे मोजतात, आणि देशाचा समुद्र ओहोटीच्या रेषेपासून बाहेर मोजतात. दोन रेषा, दोन्ही वेलाच. बुडालेला महादेव या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणजे डोक्यावर पाणी असले तरी तो बारा मैलांच्या पट्ट्यात नाही.

मुलीला सांगा, पुस्तकात ‘राज्यक्षेत्रीय’वर पेन्सिलीने ‘देशाच्या मुलखाचे’ असे लिहून ठेव. आणि तिला कावीला घेऊन जा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीची वेळ आधी विचारून.