काउंटरच्या बाहेरच्या बाजूला

‘आई पहिल्यांदाच एकटी अमेरिकेला निघाली आहे. तिकीट काढल्यापासून तिला झोप नाही, मधूनच छातीत धडधडतं म्हणते. विमानात बसायच्या आधी झोपेची एखादी गोळी दिली तर चालेल का?’

सुट्ट्यांच्या आणि बाळंतपणांच्या दिवसांत हा प्रश्न मुलंमुली फार विचारतात. गोळीचं आधी सांगून टाकते. शेजारणीच्या डब्यातली ‘अर्धी गोळी’ कधीच नको. मी समुपदेशक आहे, औषध लिहून देत नाही. पण उतारवयात अशी गोळी पहिल्यांदाच विमानात घेतली तर माणूस गुंगीत तासन्‌तास एकाच जागी बसून राहतो आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जाग आल्यावर आपण कुठे आहोत हेच उमगेनासं होतं, असंही घडतं. गोळी लागणारच असेल तर ती डॉक्टरांनी द्यावी, आणि प्रवासाच्या बऱ्याच आधी घरी घेऊन पाहावी.

आता त्या धडधडीकडे येऊ. त्यासाठी मुलुंडच्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि त्या ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकू साठी ओलांडलेल्या. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, धाकट्या मुलीचं न्यू जर्सीला पहिलं बाळंतपण होतं. मुलगा ठाण्याला, तोच त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मुलगा गुणी, पण त्याने आईसाठी सूचनांची एक फाइल बनवली होती. तिच्यात टर्मिनलचे नकाशे, बाणांच्या खुणा, ‘हे विचारलं तर हे सांग’ अशी प्रश्नोत्तरं, आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘घाबरू नकोस’. शिवाय रोज सकाळी फोनवर दोन-तीन व्हिडिओ. काकू ते बघत, आणि प्रत्येक व्हिडिओनंतर चुकण्याची एक नवी जागा त्यांना सापडे. बोर्डिंग पास हरवला तर? गेट बदललं तर? दुबईत विमान चुकलं तर?

मी विचारलं, “विमान पडेल अशी भीती वाटते का?”

“छे हो. पडलं तर सगळ्यांचंच पडेल.”

मग नेमकं काय, ते सांगायला त्यांना वेळ लागला. मुलगा चहा घ्यायला बाहेर गेला तेव्हा म्हणाल्या, “मी पोस्टात काउंटरला होते. सगळी नोकरी काचेच्या आत. बाहेरचा माणूस फॉर्म उलटा धरून उभा असायचा, एकच गोष्ट तीनदा विचारायचा. तो गेला की आम्ही आत काय बोलायचो ते मला ठाऊक आहे. आता मी बाहेर उभी राहणार.”

विमानाला घाबरणारी माणसं असतात, नाही असं नाही. बंद जागेची, उंचीची, हेलकाव्यांची भीती खरीच असते आणि तिच्यावर वेगळं काम करावं लागतं. पण एकट्याने पहिल्यांदा परदेशी निघालेल्या आईवडिलांशी बोलताना माझ्या लक्षात येतं की बहुतेकांना भीती असते ती विचारावं लागण्याची. ज्यांनी घर चालवलं, हाताखाली माणसं सांभाळली, त्यांना एका रात्रीत अडाणी दिसायचं नसतं. आणि आपण त्यांच्या हातात काय देतो? कोणाला काही विचारावंच लागू नये म्हणून केलेली फाइल. म्हणजे विचारणं ही नामुष्कीच आहे, याला आपणच दुजोरा देतो.

ही लाज शरीरापर्यंत पोचते. काकूंनी ठरवलं होतं की विमानात पाणीच प्यायचं नाही. कारण पाणी प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागणार, त्यासाठी शेजारच्याला उठवावं लागणार, ते दार कसं उघडतं ते माहीत नाही, आणि विचारायचं कोणाला? असं ठरवून बसलेले कितीतरी ज्येष्ठ भेटतात. विमानातली हवा अतिशय कोरडी असते. केबिनमधला दाबही जमिनीवर असतो तेवढा नसतो. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखी हवा असते. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू, पाणी बंद आणि हालचाल नाही. चौदा तासांनी उठताना चक्कर येईल नाहीतर काय होईल? मग घरचे म्हणतात, आईला प्रवास झेपला नाही.

मुलाला मी आधी व्हिडिओ बंद करायला सांगितले. फाइलमधली दोन पानं ठेवली. एकावर मुलीचा पत्ता, फोन, औषधांची यादी. दुसऱ्यावर प्रवासाची वेळ, तीही ‘१३ तारखेला रात्री साडेअकराला घर सोडायचं’ अशी. हे मुद्दाम लिहून घेतलं. तिकिटावर १४ जून, पहाटे ४.३० असं होतं, आणि १४ ची रात्र समजून एक दिवस उशिरा विमानतळावर पोचणारी शहाणीसुरती माणसंही असतात.

मुलाने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकू रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या. त्या चिडल्या, “मला काय धाड भरलीये?” मला त्यांचं पटलं. वाट दाखवायला माणूस मिळावा म्हणून धडधाकट आईला खुर्चीत बसवायची आपल्याकडे रीतच पडली आहे. ज्याचे गुडघे गेले आहेत त्याला त्यामुळे थांबावं लागतं, आणि चालत्या बाईला तिचा प्रवास सुरू व्हायच्या आधीच आपण आजारी ठरवतो. बऱ्याच विमान कंपन्या ‘मीट अँड असिस्ट’ देतात, म्हणजे नुसता सोबतीला माणूस. काहीजण त्याचे पैसे घेतात. आधी विचारून ठेवावं. काकूंनी तेही नको म्हटलं. मी आग्रह केला नाही, सीट मात्र कडेची घ्यायला लावली.

मग खरा अभ्यास सुरू झाला. नियम एकच. अनोळखी माणसाला असं काहीतरी विचारायचं, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. जाण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतंय. परत आल्यावर लिहायचं, काय झालं. उत्तर माहीत असलं की माहिती मिळवायची धडपड राहत नाही, नुसतं विचारणं उरतं, आणि सराव त्याचाच हवा असतो.

पहिल्या दिवशी काकू सीएसएमटीला गेल्या आणि चौकशीच्या खिडकीवर मुलुंडची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते ते विचारून आल्या. आतल्या माणसाने मान वर न करता बोर्डाकडे हात केला. वहीत होतं, ‘वाटलं होतं – हसेल. झालं – बघितलंच नाही.’ त्या जरा नाराजच होत्या. दुसऱ्या वेळी अंधेरीत सहारला, टी-टूच्या, म्हणजे विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या मेट्रो स्टेशनवर. तिथे हिंदीत विचारलं तर एक मुलगी लिफ्टपर्यंत सोडायलाच आली. वर प्रस्थानाच्या दारापाशी सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट बघून माणसं आत सोडतात, ते काकू बाहेरून बराच वेळ बघत राहिल्या. सूटबूटवाले लोकही ‘हेच गेट का?’ विचारत होते, हे त्यांनी खाली दोन रेघा मारून लिहिलं. फोर्टातल्या एका बँकेत इंग्रजीत विचारलं तेव्हा वाक्य मोडलं. त्याची नोंद एवढीच, ‘घाम आला. उत्तर मिळालं.’

एका भेटीत मी विचारलं, “तुम्ही काउंटरला होतात, तेव्हा फॉर्म उलटा धरणाऱ्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती जण लक्षात राहायचे?”

त्या विचार करून म्हणाल्या, “एक. त्याने पेढे आणून दिले होते.”

बॅगांची काळजी मला सोडवावीच लागली नाही. एकाच तिकिटावरचा प्रवास असेल तर बॅग मुंबईत दिली की सहसा थेट शेवटच्या विमानतळावर मिळते. फक्त काउंटरवर ‘न्यूयॉर्कपर्यंत टॅग लावलात ना?’ असं विचारायचं आणि टॅगचा तुकडा जपायचा, एवढंच मी म्हटलं. “म्हणजे रजिस्टर पत्राची पावती,” काकू म्हणाल्या, आणि त्या विषयावर मला पुढे बोलूच दिलं नाही.

धडधड अचानक वाढली तर काय करायचं, याचाही सराव केला. घाबरण्याचा झटका साधारण दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. आपण मरतोय असं वाटतं, पण त्याने माणूस मरत नाही. श्वास घ्यायच्या वेळेपेक्षा सोडायची वेळ जास्त ठेवायची, तळपाय जमिनीला टेकवायचे. (छातीतल्या धडधडीबद्दल त्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी आधीच करून घेतली होती. ती न करता ‘मनाचंच आहे’ असं मी कोणाला म्हणत नाही.) आणि यातलं सगळ्यात अवघड विचारणं म्हणजे हवाई सुंदरीला बोलावून ‘मुझे डर लग रहा है’ म्हणणं. ते माझ्या खोलीत, माझ्याकडे बघून म्हणतानाही त्यांना तीनदा हसू आलं.

प्रवास कसा झाला ते त्यांनी नंतर व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मुंबईतच मोठी बॅग उघडावी लागली. डिंकाच्या लाडवांसाठी खोबऱ्याच्या वाट्या नेत होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. काकूंनी वाट्या काढून दिल्या आणि विचारलं, “लाडवात घातलेलं चालतं का?” तिथला माणूस हसला. काकूंनी मला बजावून सांगितलं, “तो मला नाही हसला, लाडवाला हसला.”

पावसाळी ढगांतून वर जाताना विमान चांगलंच हादरलं, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. दुबईत मात्र गेट बदललं. ए, बी, सी ही गेटची अक्षरं म्हणजे वेगवेगळे भाग, आणि काही भागांमध्ये जायला आतली ट्रेन, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या माणसाला घाई होती, दुसऱ्याने चुकीचं सांगितलं, तिसऱ्या सफाई कामगाराने हिंदीत नीट सांगितलं. दुसऱ्याचं चुकेल, ही शक्यता आम्ही धरलीच नव्हती. “मग चौथ्याला विचारून खात्री करून घेतली,” त्या म्हणाल्या.

दुबई ते न्यूयॉर्क चौदा तास. मधेच कधीतरी सगळे दिवे मंद झाले, सगळे झोपले आणि त्यांच्या छातीत धडधडू लागलं. श्वासाचा उपाय पुरला नाही. त्यांनी बटण दाबलं आणि आलेल्या हवाई सुंदरीला ते हिंदी वाक्य म्हटलं. ती मुलगी त्यांना मागच्या पडद्याआड घेऊन गेली, पाणी दिलं, थोडा वेळ उभं राहू दिलं. स्वच्छतागृहाचं घडीचं दार मधोमध ढकलायचं, कडी लावली की उजेड वाढतो, फ्लशचा आवाज मोठा होतो पण घाबरायचं नाही, हेही तिनेच दाखवलं. त्यानंतर काकू पाणी प्यायल्या.

न्यूयॉर्कला इमिग्रेशनची रांग लांब. कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, एवढंच. खरं आणि थोडक्यात सांगायचं असं ठरलं होतं. एक प्रश्न कळला नाही, तर “स्लो, प्लीज” म्हणाल्या, आणि अधिकाऱ्याने तो हळू विचारला. कळलंच नाही तर दुभाषा मागता येतो, हे त्यांना माहीत होतं. ती वेळ आली नाही.

इथपर्यंत सगळं ऐकून मुलगा खूश, आणि काही तासांतच मला त्याचा निरोप, “आई रडतेय, परत यायचं म्हणतेय.”

हे मी दोन्ही मुलांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी ती घाबरली. पहाटे साडेचारला मुंबई सोडलेली बाई त्याच तारखेच्या दुपारी अडीचला न्यूयॉर्कला उतरली. जूनमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे काकूंची १४ तारीख साडेतेहतीस तासांची झाली. मुलीने मायेपोटी जेवू घालून संध्याकाळी उजेडातच निजवलं. रात्री दोनला जाग आली. तेव्हा मुंबईत सकाळचे साडेअकरा, शरीर टक्क जागं, भूक लागलेली, बाहेर मिट्ट काळोख, आणि घर परकं. अशा वेळी कोणाला रडू येणार नाही? शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एखादा तास सरकतं आणि त्याला दिशा मिळते ती मुख्यतः उजेडाने. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी झोपवायचं नाही, संध्याकाळी उन्हं असेपर्यंत बाहेर फिरवायचं. रात्री जाग आलीच तर थोडं खायला द्यायचं आणि कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. परतीच्या तिकिटाचं आठवड्यानंतर बोलू, असं मी कळवलं. आठवड्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

काकूंना चाललं ते सगळ्यांना चालेल असं नाही. ज्यांना अलीकडे विसर पडू लागला आहे, घरच्या घरीही दिशा चुकते, त्यांना एकटं पाठवू नका. तिथे सरावाचा उपयोग नाही, सोबतच हवी. नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, पायात कधी गुठळी झालेली असेल, इन्शुलिन चालू असेल, तर औषधांच्या वेळा आणि प्रवासाची परवानगी डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा. बाकीच्यांसाठी तिकीट काढल्याच्या आठवड्यातच विचारायचा सराव सुरू करा. निघायच्या आदल्या दिवशी तो करायला गेलात, तर तुमच्या फाइलमध्ये आणखी एक पान वाढेल, इतकंच.