रशियाच्या परराष्ट्र धोरणावर पाश्चात्य राजकीय मूल्यांचा खरंच कधी प्रभाव होता का?

होता, पण फार थोडा काळ. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांचे परराष्ट्रमंत्री आंद्रेई कोझिरेव्ह लोकशाही, मानवी हक्क ही भाषा मनापासून बोलत. डिसेंबर १९९२ मध्ये स्टॉकहोममध्ये युरोपच्या सुरक्षेवर भरलेल्या परिषदेत त्यांनी अचानक जुन्या सोव्हिएत थाटाचं, पश्चिमेला दम देणारं भाषण ठोकलं. सभागृह हादरलं. थोड्या वेळाने पुन्हा उभे राहून म्हणाले, हे माझं मत नव्हेच. आमचे विरोधक सत्तेवर आले तर तुम्हाला काय ऐकावं लागेल, त्याचा हा नमुना! (आज तो नमुना सौम्यच वाटतो.)

१९९६ मध्ये कोझिरेव्ह गेले, परराष्ट्रमंत्रिपदी प्रिमाकोव्ह आले. त्याच वर्षी रशिया युरोप परिषदेत (मानवी हक्क जपणारी युरोपीय देशांची संघटना; युरोपीय संघ वेगळा) शिरला खरा, त्यापायी मृत्युदंडाची अंमलबजावणीही थांबली. पण नाटो या पाश्चात्य लष्करी आघाडीचा विस्तार आणि तिनेच १९९९मध्ये युगोस्लाव्हियावर केलेली बॉम्बफेक यांनी मॉस्कोचं मन विटलं.

माझ्या मते मूल्यं गेली, शब्द तेवढे उरले. २००८ मध्ये जॉर्जियात सैन्य घुसवताना ‘नरसंहार रोखतोय’ म्हणायचं, २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया घेताना कोसोव्होचा (सर्बियातून फुटलेल्या या प्रांताचं स्वातंत्र्य पश्चिमेने मान्य केलं होतं) दाखला द्यायचा. पश्चिमेचंच नाणं पश्चिमेच्या तोंडावर फेकायचं. २०२२ मध्ये तर युरोप परिषदेतूनही हकालपट्टी झाली.