कॉम्प्युटर दर वेळी सुरू होताना मेनूपाशीच अडतो, सेल बदलूनही तेच. फॉरमॅट मारावा का?

नका मारू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की सिडकोतल्या तुमच्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना डेस्कटॉप दर वेळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी दाखवून थांबतो, एफ वन दाबलं की विंडोज सुरळीत चालू होतं, मदरबोर्डवरचा सेल बदलूनही फरक पडला नाही, आणि आता दुरुस्तीवाला फॉरमॅट मारू म्हणतोय. अहो, विंडोजची पाळी यायच्या आधीच गाडी थांबतेय, मग विंडोज पुसून काय होणार?

मी सीबीएसजवळ (मध्यवर्ती बस स्टँड), कोर्टाच्या बाजूला टायपिंगचं काम करतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज. माझ्याकडे हाच प्रकार आठ महिने चालला होता. मी नसताना कामावरचा पोरगा गोंधळू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती, 'आधी एफ वन'. हाच माझा इलाज! त्यामुळे तुम्हाला हसणार नाही.

एफ वनची ओळ सगळ्यात खाली असते आणि आपण तीच वाचतो. खरं कारण तिच्या वरच्या ओळीत असतं. मोबाइलने फोटो काढा आणि सावकाश वाचा. 'सीमॉस चेकसम' किंवा 'डेट-टाइम नॉट सेट' असं काही असेल तर सेलची भानगड. 'सीपीयू फॅन एरर' असेल तर पंख्याची. 'फ्लॉपी डिस्क फेल' (फ्लॉपी म्हणजे पेन ड्राइव्हच्या आधी वापरायची ती चौकोनी पातळ डिस्क) असेल तर त्याची मजा पुढे सांगतो.

सेल आधी. तो नाण्याएवढा चपटा सेल म्हणजे सीआर २०३२. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. तीन व्होल्टचा. १९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला तेव्हापासून पीसीच्या बोर्डवर बॅटरीवर चालणारं घड्याळ आहे, आणि वीज नसताना ते घड्याळ चालू ठेवायचं नि जुन्या बोर्डांत सेटिंगही लक्षात ठेवायची, एवढंच या सेलचं काम. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग चालू असेल तर बोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. पण आपण दुकानदार माणसं. रात्री शटर ओढताना मेन स्विच खाली, म्हणजे रात्रभर सगळा भार त्या सेलवर. घरच्या मशीनपेक्षा दुकानातल्या मशीनचा सेल लवकर संपतो तो यामुळे.

यातूनच एक सोपी परीक्षा निघते. एफ वन दाबून विंडोजमध्ये जा आणि प्लग न काढता तिथूनच रीस्टार्ट करा. सरळ चालू झाला आणि फक्त सकाळीच अडत असेल तर बहुधा सेल. रीस्टार्टलाही अडत असेल तर एकट्या सेलवर ढकलू नका.

आता सेल बदलूनही तेच का? मला असे जे कोणी भेटले ते बहुतेक एकाच ठिकाणी अडले होते. सेल घातला, पण बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम, बोर्डच्या सेटिंग तिथे असतात) जाऊन तारीख-वेळ लावून सेव्ह केलंच नाही. नवा सेल काही मागची तारीख सांगत नाही. चालू करताना डिलीट बटण (काही बोर्डांवर एफ टू) दाबत राहायचं, आत गेलं की तारीख-वेळ लावायची आणि एफ टेन दाबून सेव्ह करून बाहेर यायचं. नुसतं एस्केप दाबून बाहेर आलात की उद्या पुन्हा तोच पडदा. तारीख जुनी राहिली तर आणखी एक घोळ होतो: ब्राउझर वेबसाइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो, आणि आपण नेटवाल्याशी भांडत बसतो. मी भांडलोय.

सेल कोणता दिलाय तेही बघा. २०२५ हाही तीनच व्होल्टचा असतो, पण २.५ मिलिमीटर जाड. खोबणीत सैल बसतो, कधी टेकतो कधी नाही. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला सेलही मिळू शकतो. मीटर असेल तर लावून बघा, नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो.

माझं गाडं मात्र याच्याही पुढे अडलं होतं. सेल नवा, तारीख बरोबर, सेव्ह केलेलं, तरी एफ वन. शेवटी एका रविवारी कोर्ट बंद असताना शांतपणे बसून वरची ओळ वाचली: 'फ्लॉपी डिस्क फेल'. माझ्या पेटीला फ्लॉपीचं तोंडच नाही! झालं होतं असं की सेल संपल्यावर बोर्डने सगळ्या सेटिंग मुळावर नेल्या, आणि त्या जुन्या बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये ड्राइव्ह ए ला १.४४ एमबीची फ्लॉपी गृहीत धरलेली. रोज सकाळी तो इमानेइतबारे नसलेली फ्लॉपी शोधायचा आणि सापडली नाही म्हणून मला विचारायचा. बायॉसमध्ये पहिल्याच पानावर, 'स्टँडर्ड' नावाच्या, ड्राइव्ह ए समोर 'नन' केलं, एफ टेन दाबलं. दोन मिनिटांचं काम. चिठ्ठी काढली तर मॉनिटरला गोंदाचा डाग, तो अजून आहे.

याच मूळ सेटिंगचा दुसरा आणि जास्त महागाचा फटका म्हणजे बोर्डने हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत बदलणं. एएचसीआय आणि आयडीई अशा त्या दोन पद्धती. आधी एएचसीआय असेल आणि आता आयडीई झालं, तर विंडोज निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. अशा वेळी बायॉसमध्ये ती एक सेटिंग पूर्वीसारखी करायची असते. फॉरमॅट मारणारे इथेच मारतात. म्हणून सेलला हात लावण्याआधी बायॉसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

पंख्याचं. माझा मावसभाऊ निफाडला द्राक्षबागेचा हिशोब एका जुन्या मशीनवर ठेवतो. तिकडे थंडीत पारा चार-पाच अंशांवर येतो. त्याचं मशीन फक्त थंडीच्या सकाळी 'सीपीयू फॅन एरर' म्हणून थांबायचं, दुपारी काही नाही. पंख्यातलं वंगण जुनं होऊन घट्ट झालेलं, सुरुवातीला पंखा हळू फिरायचा आणि बोर्डला वाटायचं बंदच आहे. पंखा बदलला, संपलं. तुमच्याकडे कुणी धूळ साफ केल्यानंतर हे सुरू झालं असेल तर पंख्याची पिन शेजारच्या सिस्टिम फॅनच्या जागी लावलीय का बघा. पंखा फिरतो, पण बोर्डला दिसत नाही.

बऱ्याच बायॉसमध्ये 'वेट फॉर एफ वन इफ एरर' अशी सेटिंग असते. ती डिसेबल केली की थांबणं बंद. फ्लॉपी-कीबोर्डच्या किरकोळ तक्रारीसाठी खुशाल करा. पंख्याच्या तक्रारीसाठी करू नका, प्रोसेसर तापेल आणि तुम्हाला सांगणाराच गप्प केलेला असेल.

पडद्यावर दोन विंडोजची नावं आणि खाली सेकंद मोजले जात असतील तर प्रकरण वेगळं, पण सोपं. कुणीतरी जुनं न पुसता नवं विंडोज टाकलंय. तीस सेकंदांनी ते आपोआप पुढे जातं. रनमध्ये (विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं की उघडते ती चौकट) एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करा, बूटच्या पानावर ज्याच्यापुढे 'करंट' लिहिलं नाही ते नाव डिलीट करा. त्याआधी त्या जुन्या विंडोजमध्ये गिऱ्हाइकांच्या फायली नाहीत ना, एवढी खात्री करा.

आणि नुसती डिस्कची नावं दाखवून कुठेच जात नसेल, तर कीबोर्ड काढून बघा, एखादं बटण अडकलेलं असतं. तरीही तेच असेल तर डिस्कची केबल किंवा डिस्कच. मग कधी चालू होईल तेव्हा पहिलं काम पेन ड्राइव्हवर डेटा उतरवणं. पण तुमचं एफ वनने पुढे जातंय, म्हणजे तुमची डिस्क मला तरी ठीक वाटते.

दुरुस्तीवाल्याला दोन दिवस थांबवा. एफ वनच्या वरच्या ओळीचा फोटो आणि बोर्डवर छापलेलं मॉडेलचं नाव इथे टाका, मी रात्री आठनंतर बघतो.