जाळं ओढल्यानंतर रोहूच्या अंगावर लाल चट्टे आले. माशांना प्रतिकारशक्ती असते का? असेल तर ती लगेच काय करते?

असते, आणि तुमच्या हाताला ती रोज लागते. रोहू हातातून ज्या बुळबुळीमुळे सटकतो, तीच त्याची पहिली फळी. तिच्यातलं लायसोझाइम नावाचं प्रथिन जिवाणूंचं कवच फोडतं. शिवाय जुनी बुळबुळ सारखी गळते आणि नवी सुटते, त्यामुळे अंगाला चिकटलेले जिवाणू परत पाण्यात जातात.

फोटो नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. पण अशा चट्ट्यांमागे बऱ्याचदा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू निघतो. तो गोड्या पाण्यात कायमच असतो. धडधाकट माशाचं तो सहसा काही वाकडं करू शकत नाही. जाळ्यात खवले निघाले, की त्याला दार सापडतं.

मग आत काय होतं, हे झेब्राफिशच्या पिल्लांमुळे डोळ्यांना दिसलं. हा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला बोटभर मासा, पिल्लं काचेसारखी पारदर्शक. जखमेच्या कडेच्या पेशी काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, हे २००९ मध्ये त्यांच्यातच दिसलं. हो, मेडिकलमध्ये बाटलीत मिळतं तेच! त्या खुणेवर पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जिवाणू गिळू लागतात. त्याच पेशी रसायनं सोडून आणखी कुमक बोलावतात. रक्तातली काही प्रथिनं जिवाणूंना थेट भोकं पाडतात. जिवाणूंना वाढायला लोह लागतं, तेही शरीर दडवून ठेवतं.

या पेशी येतात कुठून? माशाच्या हाडांत रक्त तयार करणारा मगज नसतो. मासा साफ करताना कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी आपण नखाने खरवडून टाकतो ना, ते त्याचं मूत्रपिंड. त्याचा डोक्याकडचा भाग हा रक्तपेशींचा कारखाना.

नेमक्या त्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं पुरेशी तयार व्हायला काही आठवडे जातात, थंड पाण्यात आणखी उशीर. म्हणजे पहिल्या दोन-चार दिवसांची लढाई वर सांगितलेल्या जन्मजात प्रतिकारशक्तीवरच. आणि तळ्यात गर्दी असेल, पहाटे ऑक्सिजन घसरत असेल, तर ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि याच पेशी मंदावतात.

माझ्या शेततळ्याचं पहिलं वर्ष. वजन करायला मासे कोरड्या फडक्याने धरले. तिसऱ्या दिवशी दोन माशांच्या पाठीवर लालसर पट्टे, अगदी माझ्या बोटांच्या रुंदीचे. बुळबुळ मीच पुसली होती.

तेव्हा आधी गर्दी कमी करा, पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, मेलेले मासे लगेच काढा. मनाने अँटिबायोटिक ओतू नका. तपासणीसाठी आजारी पण जिवंत मासा पाठवा. मेलेल्यात कुजवणारे जिवाणू इतके वाढतात, की मूळ गुन्हेगार ओळखू येत नाही.