नमुना किती मोठा हवा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या गावात तीन हजार मतदार आहेत. नळाला मीटर बसवावेत का, यावर कौल घ्यायचा आहे. पाच टक्क्यांच्या आत अंदाज हवा तर ३४१ जणांना विचारा, असं गणित सांगतं. मग अख्ख्या महाराष्ट्राला ३८५ जण पुरतात म्हणतात, ते कसं?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत. अंदाज किती इकडेतिकडे होईल, हे नमुन्यात माणसं किती यावर ठरतं. ती एकूण संख्येच्या किती टक्के, याला फारसं महत्त्व नाही. होकाराचं प्रमाण गुणिले नकाराचं प्रमाण, भागिले नमुन्याची संख्या. त्याचं वर्गमूळ काढून १.९६ ने गुणा, की ९५ टक्के विश्वासपातळीची त्रुटी मिळते, म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर साधारण ९५ वेळा अंदाज खऱ्या आकड्यापासून यापेक्षा जास्त लांब जात नाही. कौल आधी माहीत नसतो, म्हणून निम्मे-निम्मे धरतात. त्रुटी तिथेच सगळ्यात जास्त असते. ३८५ घालून पाहा, पाच टक्के येतात. यात लोकसंख्या कुठेच नाही.

नमुना गावाचा मोठा हिस्सा व्हायला लागला, की मात्र सूट मिळते. मूळ उत्तर ३८४.१६ येतं, ते वर नेऊन ३८५ धरतात. इथे ३८४ ला (१ + ३८३ ÷ एकूण संख्या) ने भागा. तीन हजारांना ३४१, आठशेंना २६०, दोनशेंना १३२. दोनशेच असतील तर सरळ सगळ्यांनाच विचारा.

नावं निवडताना १ ते ८ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून मतदारयादीतलं दर आठवं नाव घ्या. ३७५ नावं होतात, म्हणजे थोडे हातचे राहतात. कुणी घरी सापडलं नाही तर शेजाऱ्याला विचारून मोकळे होऊ नका. संध्याकाळी पुन्हा जा. नाहीतर दिवसा घरी असणाऱ्यांचंच मत जास्त भरतं, आणि तो कल नमुना वाढवून जात नाही.

प्रश्न : नमुना दुप्पट केला तर त्रुटी निम्मी होते ना?

उत्तर : नाही, जेमतेम २९ टक्क्यांनी घटते. निम्मी करायला नमुना चौपट लागतो. १०० जणांना ९.८ टक्के, ४०० ना ४.९, १,६०० ना २.४५. एक टक्क्यावर यायचं तर ९,६०४ माणसं. हजार-दोन हजारांच्या पुढचा पैसा पुन्हा भेटी देण्यावर खर्च केलेला बरा.

प्रश्न : एका वाहिनीच्या सर्वेक्षणात १,००० जणांपैकी एका पक्षाला ४२ टक्के, दुसऱ्याला ३८. त्रुटी ३ टक्के. आघाडी चारची, म्हणजे पक्की समजायची?

उत्तर : ते ३ टक्के एकेका पक्षाच्या आकड्याला लागू आहेत, आघाडीला नाहीत. एकाची मतं चुकून जास्त आली की बहुधा दुसऱ्याची कमी आलेली असतात, त्यामुळे फरकातली त्रुटी जवळपास दुप्पट होते. दोन्ही प्रमाणांची बेरीज (०.८०) वजा फरकाचा वर्ग (०.००१६), भागिले १,०००, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६ : उत्तर साडेपाच टक्के. म्हणजे खरी आघाडी साडेनऊचीही असू शकते, किंवा पहिला पक्ष दीड टक्क्याने मागेही असू शकतो.

त्याच सर्वेक्षणात '१८ ते २५ वयोगटाचं मत' दिलं असेल आणि त्या वयाचे १८० च जण असतील, तर त्या आकड्याची त्रुटी ७.३ टक्के. आणि हजार माणसं ५० गावांतून वीस-वीस घेतली असतील तर आणखी गोची. एका गावातली मतं सारखी असतात. हे साम्य (सहसंबंध) ०.०५ इतकं थोडं धरलं तरी १ + १९ × ०.०५ = १.९५, म्हणजे हजारांचं वजन ५१३ इतकंच, आणि त्रुटी ४.३. वाहिन्या हे सहसा सांगत नाहीत.

प्रश्न : पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेताचा मोजका भाग कापून उत्पन्नाचा अंदाज काढताना, एक मोठा चौकोन आखण्यापेक्षा छोटे तुकडे पुष्कळ घेतले, तर नमुना मोठा होऊन अंदाज सुधारणार नाही का?

उत्तर : १९४० च्या दशकात यावर मोठा वाद झाला होता. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिलं, की अगदी लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येतं.

सगळी गडबड कडेची आहे. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात आत घेण्याकडेच जातो. दोन फूट त्रिज्येच्या गोल तुकड्याचा परीघ १२.६ फूट आणि क्षेत्रही १२.६ चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. ३३ फूट बाजूच्या चौकोनात, म्हणजे एका गुंठ्यात, तीच कड जेमतेम दीड इंच. असे हजार छोटे तुकडे कापले तरी फुगवटा तसाच राहतो, फक्त अहवालातली त्रुटी लहान दिसते.

चौकोन आखताना चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका, दोरी ताणून बांधा आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजा. रोपाचं बूड दोरीच्या आत असेल तरच ते कापायचं. कणीस आत झुकलंय म्हणून नाही.